दगूअक्का आणि माझं कच्चं अंडं

गरोदरपणात कच्चं अंडं खाऊ नये, हे मी आजवर शेकडो बायकांना सांगितलेलं आहे. तक्त्यावर पट्टी ठेवून, आवाज चढवून, मध्येच थांबून "कळलं का?" असं विचारून सांगितलेलं आहे. आणि ज्या दिवसांत मी हे सगळ्यात ठणकावून सांगत होते, नेमक्या त्याच दिवसांत रोज सकाळी आमच्या धुळ्याच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे उभी राहून, नाक दाबून मी एक कच्चं अंडं गिळत होते. मी स्वतः तेव्हा चार महिन्यांची गरोदर होते.

हे गुपित नवरा सोडून मी आपण होऊन कुणालाच सांगितलं नाही. बाकी ज्यांना कळलं त्यांना मी पकडली गेले म्हणून कळलं, आणि सगळ्यांच्या आधी मला पकडलं ते दगूअक्काने.

गेल्या महिन्यात जळगावला एका प्रशिक्षणात एका नव्या सेविकेने विचारलं, "मॅडम, अंडं नेमकं किती वेळ उकडायचं?" उत्तर सोपं आहे, माझ्या वहीत मिनिटांसकट लिहिलेलं आहे. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "अंगण झाडून होईपर्यंत." वर्ग हसला. मीही हसले, आणि मग पुढचा तक्ता उलटायचा सोडून तशीच उभी राहिले. अक्काला जाऊन आता बरेच दिवस झालेत, आणि तिचं वाक्य माझ्या जिभेवर इतकं ताजं असेल असं मला वाटलं नव्हतं.

तेव्हा मी साक्री तालुक्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. नोकरी नवी, गृहविज्ञानाची पदवी नवी, आणि दोन्हींचा ताठा त्याहून नवा. धुळ्याहून सकाळच्या एसटीने साक्री गाठायची, तिथून मिळेल त्या जीपने डोंगराकडच्या गावांत जायचं, अंगणवाडी बघायची आणि भेटवहीत शेरा लिहायचा. शेरा लिहिण्यात माझा हात कुणी धरला नसता. त्या भागातल्या गरोदर बायकांना अंगणवाडीत रोज एक वेळचं गरम जेवण आणि त्यासोबत एक उकडलेलं अंडं मिळायचं. त्या अंड्यावर मी न थांबता अर्धा तास बोलायचे. अडचण एवढीच होती की मी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. माहेर पहूरचं, घरात सगळे माळकरी. सासर धुळ्यातलं, तिथे तर जेवताना अंडं हा शब्दही कुणी काढत नसे. काठावर उभं राहून दुसऱ्याला पोहायला शिकवणारे असतात ना, त्यातली मी.

दगूअक्का अशाच एका लहान गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका सुनीता नावाची तरुण मुलगी. वह्या, वजनकाटा आणि मोबाईल ती सांभाळायची. चूल, पातेलं आणि गरोदर बाया हे खातं अक्काकडे. अक्का ठेंगणी, काटक, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, आणि लुगड्याचा पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला की ती कधी बसत असेल यावर विश्वास बसू नये. वय विचारलं की कागदावर जे असेल ते, म्हणायची. बायकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, की ती मुद्दाम घेत नसे, कोण जाणे. ती त्यांना महिन्याने ओळखायची, तिच्या अहिराणीत. "सातवी उनी नही आज?" "पाचवीले आखो वरण वाढ." एखादी बाई महिनाभर त्याच नावाने हाक घ्यायची आणि पहिल्या तारखेच्या आसपास तिची बढती व्हायची. नवव्या महिन्यातली म्हणजे तिथली मुकादम. तिला सगळ्यात आधी ताट.

माझ्या पहिल्याच भेटीत मी पाहिलं ते असं. अक्काने उकडलेली अंडी पातेल्यातून काढून गार पाण्यात टाकली, मग एकेक अंडं शहाबादी फरशीवर ठेवून दोन बोटांनी गर्रकन फिरवलं. उकडलेलं अंडं भिंगरीसारखं फिरतं. कच्चं किंवा अर्धकच्चं असलं तर आतला ऐवज हलतो आणि ते डुलत डुलत थांबतं. मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटलं बाई खेळतेय.

"फिरनं तं शिजनं," अक्काने माझ्याकडे न बघता सांगितलं. "डुलनं तं परत पानीमा."

सगळी अंडी एकाच पातेल्यात, एकाच वेळी उकळली, मग एखादंच कच्चं कसं राहील, असं मी तिला शास्त्रीय पद्धतीने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि पुढचं अंडं फिरवलं.

किती वेळ उकळतेस, या प्रश्नावर तिचं उत्तर होतं, अंगण झाडून होईपर्यंत. अंडी चुलीवर चढवायची, खराटा हातात घ्यायचा, दारापासून कुंपणापर्यंत सगळं अंगण झाडायचं आणि मग पातेलं उतरवायचं. त्या अंगणात एक मोठा कडुनिंब होता. पानगळीच्या दिवसांत अंगण झाडायला तिप्पट वेळ लागायचा, आणि अंडी तेवढा वेळ रटरटत राहायची. सोलल्यावर बलकाभोवती राखाडी कडं दिसायचं. मी पदवीधर असल्यामुळे मला ते खटकलं. मी भेटवही मागवून घेतली आणि लिहिलं, "अंडी आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ उकडली जातात. इंधनाचा अपव्यय. संबंधितांस सूचना दिली."

पुढच्या भेटीत सुनीताने हळूच सांगितलं की अक्काने तो शेरा तिच्याकडून तीनदा वाचून घेतला होता. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या कामाबद्दल वहीत काहीतरी लिहिलं याचं तिला कौतुक वाटलं. अर्थ कळल्यावरही कौतुक ओसरलं नाही. फक्त तेव्हापासून मी यायची असले की ती अंगण झाडून झाल्यावर रस्त्याचा तुकडाही झाडायची, मॅडमच्या जीपसाठी. अंडी तोवर चुलीवरच.

अक्काचा दुसरा कायदा म्हणजे अंडं तिच्यासमोर बसून खायचं. घरी न्यायचं नाही. घरी नेलेलं अंडं कुणाच्या पोटात जातं ते तिला पक्कं माहीत होतं. टरफलं मोजून ती कुंडीत टाकायची आणि टरफल कमी भरलं तर जाणाऱ्या बाईची ओटी तपासायची. यावरून एकदा चांगलाच तमाशा झाला आणि मी नेमकी हजर होते. गावातले एक आबा, तरुणपणी कुस्त्या मारलेले, सुनेचा सहावा महिना म्हणून तावातावाने आले. सुनेची आठवड्याची अंडी एकदम द्या आणि कच्चीच द्या, उकडल्यावर त्यातली ताकद जाते, आम्ही आखाड्यात दुधातून कच्चीच घ्यायचो, असं त्यांचं म्हणणं. सुनीता माझ्याकडे बघायला लागली, मी माझ्या पुस्तकातलं पान आठवायला लागले. अक्का चुलीपुढून उठलीच नाही.

"आबा, ताकद कोनले पाहिजे? तुले का सूनले?"

सुनेला, असं आबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग सूनले आठे धाड."

सुनेलाच इथे धाडायचं म्हटल्यावर आबांनी मिशी कुरवाळली आणि ते गेले. सून दुसऱ्या दिवशी आली, तिला "सहावी" म्हणून जागा मिळाली आणि विषय मिटला. परतीच्या जीपमध्ये मी मनातल्या मनात अक्काला शाबासकी दिली. कच्च्या अंड्यात ताकद असते हा केवढा अडाणीपणा, असंही मनातल्या मनात म्हणाले. हे माझं म्हणणं नीट लक्षात ठेवावं, कारण चारच महिन्यांनी मी स्वतः त्या आबांच्या पंगतीला जाऊन बसले.

झालं असं की मला दिवस गेले. आदल्या वर्षी एकदा तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे या वेळी घरात कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. सासूबाई मला जड भांडं उचलू देत नव्हत्या, नोकरी सोड म्हणत नव्हत्या पण रोज एसटी निघेपर्यंत देवापुढे बसून असायच्या. तपासणीत रक्त कमी निघालं, अंगही भरत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, डाळी-उसळी वाढवा, आणि चालत असेल तर रोज एक अंडं घ्या. चालत असेल तर! मी आणि माझा नवरा मिलिंद दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून एकमेकांकडे बघत बसलो. मला ते मूल हवं होतं. इतकं हवं होतं की त्यासाठी मी अंडं काय, कोंबडीही गिळली असती. फक्त सासूबाईंना कळता कामा नये.

आता यापुढचा माझा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. उकडलेलं अंडं खायचं तर पातेलं लागतं, गॅस लागतो, वास सुटतो. म्हणजे स्वयंपाकघर बाटतं. कच्च्या अंड्याला यातलं काहीच लागत नाही. ते फोडलं, गिळलं, संपलं. भांड्याला अंडं लागलं नाही तर घरात अंडं आलंच नाही. म्हणजे उकडलेलं अंडं हा मांसाहार आणि कच्चं अंडं हे जवळजवळ औषध, असा सोयीचा निकाल मी लावला. मिलिंद रोज संध्याकाळी स्कूटरच्या डिकीत मोज्यात गुंडाळून एक अंडं आणायचा. सकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी गच्चीवर जायचे, टाकीमागे ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात अंडं फोडायचे, वर लिंबू आणि मिरपूड, डोळे मिटायचे आणि एका घोटात आत. टरफल कागदात बांधून पर्समध्ये. ते साक्रीच्या स्टँडवरच्या कचरापेटीत जायचं. एवढी दक्षता मी माझ्या दप्तरी कामात कधी दाखवली नव्हती.

आणि तक्ता? तक्त्यावर माझ्याच हाताखाली छापलेलं होतं: कच्चं अंडं नको, अर्धकच्चं नको, न तापवलेलं दूध नको. मी ते रोज मोठ्याने वाचत होते. पण तक्ता लाभार्थींसाठी असतो आणि मी तर तक्ता दाखवणारी होते, असं कुठेतरी मनात पक्कं बसलं असावं. शिवाय एक आठवडा गेला, दोन गेले, काही झालं नाही. काही होत नाही म्हटल्यावर माणूस शास्त्राला हळूहळू विसरतो. उष्णतेने जीवनसत्त्वं नष्ट होतात, असं मी एकदा मिलिंदला सांगितल्याचंही आठवतं. आबांनी ऐकलं असतं तर मला आखाड्यात घेतलं असतं.

अक्काने मला या दिवसांत पाहिलं ते चौथ्या महिन्याच्या अखेरीस. मी दुपट्टा पुढे घेऊन उतरले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. तिने जीपपासून चुलीपर्यंत येताना माझी चाल बघितली आणि सुनीताला म्हणाली, "चौथीले पानी दे." सुनीता इकडेतिकडे बघायला लागली, चौथी कोण म्हणून. मी कानापर्यंत लाल झाले.

त्या दिवशी मी तक्ता उलटून कच्च्या अंड्याचं पान वाचलं, बायका जेवल्या, आणि सगळ्या गेल्यावर अक्काने सोललेलं एक अंडं ताटलीत ठेवून माझ्यापुढे सरकवलं. शासनाचं नाही, माझ्या कोंबडीचं आहे, असंही सांगितलं. दुसऱ्यांसमोर अंडं खायचं म्हटल्यावर मी ताटली मागे सरकवली. मी घाईघाईने म्हणाले की नको, मी घरी रोज खाते.

"घरमा कोन उकाडस?"

माझ्या माहेरासासरची तिला सुनीताकडून पूर्ण माहिती होती. मला खोटं सुचलं नाही. मी सांगितलं, उकडत नाही, तसंच घेते, त्यात जास्त पोषण असतं. आणि वर, मी आधी स्वच्छ धुऊन घेते.

अक्काने हातातला पळा खाली ठेवला. आजवर ती मला मॅडम आणि तुम्ही म्हणायची.

"कोंबडी अंडं कोठून देस, तुले म्हाईत शे ना?" तिने विचारलं. "वरतून धोवशी. मधमा हात घालीसन धोवशी का?"

यावर मी जे बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणाले, "अक्का, मी या विषयात शिकलेय."

"तेच तं. इतली शिकेल शे, मंग खास काब्रं?"

मग खातेस कशाला, याचं उत्तर टाळायला मी भेटवही मागितली. काहीतरी लिहायला हवं होतं म्हणून "परिसर स्वच्छ" असं लिहिलं आणि निघाले. ताटलीतलं अंडं तिथेच राहिलं. अक्का जीपपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा टाकीमागे उभी होते, कारण मदतनिसीचं ऐकून पर्यवेक्षिकेने सवय बदलायची म्हणजे काय?

पाचवा महिना लागला. पोटात काहीतरी हलल्याचं मला पहिल्यांदा जाणवलं आणि मी ते मिलिंदला सांगून अजून आठवडाही झाला नव्हता, तर एका दुपारी कार्यालयातच पोटात कळा सुरू झाल्या. मग उलट्या, जुलाब, आणि अंगात सणसणून ताप. धुळ्याला आणेपर्यंत माझे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी ठाक. सलाईन लावलं. तापाची मला भीती वाटत नव्हती. मी पोटावर हात ठेवून त्या हलण्याची वाट बघत होते आणि काहीच हलत नव्हतं. आदल्या वर्षीचा तो दिवस मला आठवत होता, आणि पेल्यातलं ते अंडं, वरचं लिंबू, माझी मिरपूड. मी रडले. सासूबाई उशाशी बसून माझ्या कपाळावर पट्ट्या बदलत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र लावलं. ठोके सापडेपर्यंतचा तो वेळ मी अजून कुणाला धड सांगू शकलेले नाही. मग ते ऐकू आले, भराभर, घाईत असल्यासारखे. मी सासूबाईंचा हात धरला. आणि त्याच क्षणी डॉक्टरबाईंनी वही उघडून विचारलं, बाहेरचं काय खाल्लं? न तापवलेलं दूध? कच्चं अंडं?

सासूबाईंचा हात माझ्या हातात होता. मी "हो" म्हणाले.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हे अंड्यामुळेच झालं असं त्या छातीठोक सांगणार नाहीत, पाण्यानेही होतं. कच्च्या अंड्याने बहुतेक वेळा काही होत नाही, आणि तीच खरी पंचाईत, माणूस निर्धास्त होतो. पण एखाद्यात जंतू निघाले तर ते या दिवसांत फार जड जातं. ताप चढतो, अंगातलं पाणी जातं आणि मग आईबरोबर बाळाचीही काळजी करावी लागते. बाळ आज ठीक आहे. यापुढे पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवलेलं, नाहीतर मुळीच नको. मी मान हलवत होते. हे सगळं मला पाठ होतं, अगदी याच क्रमाने.

तीन दिवसांनी घरी आले. सासूबाई माझं सगळं करत होत्या, पण अंड्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं आणि बाहेर दगूअक्का उभी. सुनीताकडून पत्ता घेऊन, साक्रीहून एसटीने, एकटी. हातात कापडी पिशवी. मी पलंगावरून हे बघितलं आणि डोळे मिटून घेतले, कारण त्या पिशवीत काय असणार ते मला कळलं होतं आणि आमच्या उंबऱ्याला ते आजवर कधी शिवलं नव्हतं.

अक्का आत आली नाही. ती दारातच थांबली आणि सासूबाईंना म्हणाली, "बाई, तुमनं सैपाकघर तुमनं शे, मी तठे पाय ठेवत नही. माले मांगे तीन इटा द्या."

सासूबाई मागच्या दाराने गेल्या आणि नळाजवळच्या विटांकडे बोट दाखवलं. अक्काने परसात चूल मांडली, स्वतःचं पातेलं पिशवीतून काढलं, काटक्याही तिने आणलेल्या होत्या. अंडी चढवून तिने कोपऱ्यातला आमचा खराटा उचलला. सासूबाई दहा हातांवर नाकाला पदर लावून उभ्या. त्यांना झाडण्याचं कारण कळेना, पण परस झाडलं जातंय म्हटल्यावर त्यांनी अडवलं नाही. मी खिडकीतून हे बघत होते, आणि हसायला आलं तर पोट दुखत होतं.

अंडं माझ्या तळहातावर ठेवताना अक्का झाल्या गोष्टीबद्दल काही बोलली नाही. मी सांगितलं नव्हतं का, हे वाक्य बोलायचा तिचा पुरेपूर हक्क होता. मी तिच्या जागी असते तर ते वाक्य मी वहीत लिहून खाली सही केली असती. मी जन्मातलं पहिलं उकडलेलं अंडं तिच्यासमोर खाल्लं. कोरडं होतं, घशाखाली उतरेना, बलकाभोवती ते राखाडी कडं. मी सगळं खाल्लं. तिने टरफलं ओंजळीत गोळा केली आणि दुपारच्या गाडीने निघून गेली. पातेलं मात्र परसातच ठेवून गेली.

त्या संध्याकाळी सासूबाई पलंगाशी येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणाले असते. पण म्हणून काय कच्चं खायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते तर परसात तीन विटांवर पातेलं, शेजारी नाकाला पदर बांधलेल्या सासूबाई, आणि हातात खराटा. ज्या बाईपासून लपवायला मी गच्चीवर टाकीमागे उभी राहत होते, तिने पुढचे चार महिने रोज माझ्यासाठी अंडं उकडलं. ते चिमट्याने उचलायच्या, स्वतः एकदाही हाताने शिवल्या नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं आजही येत नाही.

मुलगी झाली. चांगली सव्वातीन किलोची, खणखणीत आवाजाची.

रजा संपल्यावर मी कामावर रुजू झाले ती बदली होऊन, थेट जळगाव जिल्ह्यात. साक्रीचा निरोप घ्यायचाही राहून गेला. तोवर अक्का कामातून मोकळी होऊन लेकीकडे गुजरातेत गेली होती, आणि तिथेच ती गेल्याचं मला सुनीताच्या फोनवरून कळलं, तेही महिना उलटून गेल्यावर. जाऊ, भेटू, लेकीला नेऊन दाखवू, असं मी प्रत्येक सुट्टीत म्हणत आले होते. म्हणजे अक्काला मी शेवटचं पाहिलं ते धुळ्याच्या एसटी स्टँडवर, बाळ सव्वा महिन्याचं असताना.

भाऊ मला माहेरी न्यायला आला होता. पहूरला जायचं म्हणून जळगावची गाडी, पुढची दोन आसनं आधीच धरलेली. अक्काला मी निरोप पाठवला होता, पण ती येईल असं वाटलं नव्हतं. गाडीत सामान चढवलं आणि खिडकीतून ती येताना दिसली, गर्दीतून वाट काढत, डोक्यावर पत्र्याचा डबा. मी बाळाला घेऊन दारापर्यंत आले. डब्यात बाजरी होती आणि बाजरीत एकेक करून पुरलेली तिच्या कोंबड्यांची अंडी, फुटू नयेत म्हणून. तिने हात घालून दोनतीन वर काढून मला दाखवली, पुन्हा पुरली आणि डबा भावाच्या हातात दिला. मग तिने दुपट्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

मी म्हणाले, "अक्का, घे ना."

तिने हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"थांब, मना हात अंडासना शेतस," ती म्हणाली. "धोईसन येस."

हात धुवायचे तर पाण्याची टाकी स्टँडच्या त्या टोकाला होती. तिथे बाटल्या भरणाऱ्यांची रांग, आणि अक्का रांगेत आपला नंबर येईपर्यंत उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. नळ मिळाल्यावर तिने हात कोपरापर्यंत चोळायला सुरुवात केली. वाहकाने घंटी दिली. भाऊ म्हणाला, ताई, आत ये, पडशील. मी वाहकाला म्हणाले की एक मिनिट थांबा, एक बाई यायच्यात. त्याने विचारलं, तिकीट काढलंय का त्यांनी? मी नाही म्हणाले. एवढंच बोलणं झालं. खाली उतरून गाडीपुढे उभं राहायला हवं होतं, हे मला पारोळा आल्यावर सुचलं.

गाडी मागे आली, वळली आणि फाटकाकडे निघाली. मी खिडकीतून बघितलं. अक्का नळावरून परत निघाली होती. दोन्ही हात ओले, अंगापासून दूर धरलेले, लुगड्याला लागून पुन्हा मळू नयेत म्हणून पुसलेलेही नव्हते. आमची गाडी जिथे उभी होती तिथवर ती लगबगीने आली, थांबली, आणि मग तिला आम्ही दिसलो. मी बाळाला खिडकीशी उंच धरलं. तिला हात हलवून निरोप देता आला असता, पण तिने ते हात खाली घेतले नाहीत की हलवले नाहीत. आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तसेच पुढे धरलेले होते.